चौल परिसरात मोटारगाडी पहाटे सुरू न होण्याची कारणमीमांसा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ वसलेले चौल इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. टॉलेमीच्या भूगोलवर्णनातील ‘सिमुल्ला’, कान्हेरीच्या शिलालेखांतील ‘चेमूल’ आणि अरब लेखकांच्या वृत्तांतांतील ‘सैमूर’ हे हेच बंदर होय, असे सामान्यतः मानले जाते. ज्या समुद्राने या बंदरास एके काळी वैभव दिले, त्याच समुद्रावरून येणारी खारी व दमट हवा आज तेथील नारळी-पोफळीच्या वाड्यांत उभ्या राहणाऱ्या मोटारगाड्यांच्या एका व्याधीस कारणीभूत होत असते. दिवसभर उत्तम चालणारी गाडी पहाटे मात्र सुरू होत नाही; चार-पाच वेळा ‘सेल्फ’ मारल्यावर एकदाची सुरू होते, किंवा होतच नाही. प्रस्तुत लेखात या व्याधीच्या निदानाची पद्धत, तिच्यामागील भौतिक व रासायनिक कारणे आणि त्यांवरील उपाय यांचा विचार केला आहे.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु चौल-रेवदंड्याच्या रहिवाशास रात्री-अपरात्री रुग्ण न्यावयाचा झाल्यास अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरावा लागतो, आणि मुंबईस जाणाऱ्यास मांडव्याची पहिली बोट गाठावयाची असते. अशा वेळी गाडीने दिलेला नकार महाग पडतो. दुसरी हानी आर्थिक आहे. निदान न करताच बॅटरी बदलण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. नवी बॅटरी बसविल्यावर काही आठवडे व्याधी लपते व पुन्हा उद्भवते, कारण मूळ दोष अन्यत्र असतो. तिसरी गोष्ट शास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष महत्त्वाची आहे. थंड देशांत लिहिलेल्या पाठ्यग्रंथांतील उपपत्ती जशीच्या तशी कोकणात लागू केल्यास निदान कसे चुकते, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

१. थंडीची उपपत्ती व तिची मर्यादा

पाश्चात्त्य ग्रंथांत पहाटेच्या या अडचणीचे मुख्य कारण थंडी असे दिलेले असते, व तेथील हवामानात ते यथार्थही आहे. तापमान शून्याखाली १८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले म्हणजे शिसे-आम्ल बॅटरीची एंजिन फिरविण्याची शक्ती निम्म्याच्या आसपास येते. तेल दाट होते. पेट्रोलचे बाष्पीभवन मंदावते. यांपैकी चौलला काय लागू पडते ते पाहू जाता निराळेच चित्र दिसते. अलिबागच्या किनारपट्टीत जानेवारीतही पहाटेचे तापमान १५ अंशांखाली क्वचितच उतरते. दुपारच्या तुलनेने या तापमानात बॅटरीची शक्ती कमी होते खरी, पण ती फार तर दहा टक्क्यांच्या आसपास. तेलाविषयी म्हणावयाचे तर ज्या तेलाच्या डब्यावर ‘२०-डब्ल्यू’ असा अंक असतो, त्याची थंड अवस्थेतील फिरण्याची चाचणी शून्याखाली १५ अंशांवर घेतलेली असते. अशा तेलास चौलची पहाट ही थंडीच नव्हे.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. चौलमध्ये थंडी हे स्वतंत्र कारण असू शकत नाही. ती फक्त आधीच दुबळ्या झालेल्या गाडीचे दुबळेपण उघड करते. आणि खरे कारण पहाटेच्या ज्या दुसऱ्या गुणात शोधावयास हवे, तो गुण म्हणजे दमटपणा.

२. खारी हवा रात्री काय करते

दुपारी तापमान २८ अंश व सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे असे समजू. या हवेतील बाष्पाचे प्रमाण तेच राहून रात्री तापमान २० अंशांवर आले, तर सापेक्ष आर्द्रता ९७ टक्क्यांपर्यंत जाते. या हवेचा दवबिंदू सुमारे साडेएकोणीस अंश असतो. निरभ्र रात्री गाडीचे टप व बॉनेट हे पत्र्याचे भाग आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड होतात, दवबिंदूच्या खाली जातात व त्यांवर दहिवर साचते. बॉनेटच्या आतील पृष्ठभागावर साचलेले पाणी ठिबकून खालच्या तारांवर व जोडांवर पडते.

केवळ शुद्ध पाण्याचा प्रश्न असता तर त्याचे महत्त्व मर्यादित राहिले असते. दवाचे पाणी विजेचे मोठे वाहक नाही. परंतु किनाऱ्यावर समुद्रफेसातून उडणारे मिठाचे सूक्ष्म कण प्रत्येक पृष्ठभागावर बसलेले असतात. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड हे सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतील बाष्प शोषून चिघळते, म्हणजे स्वतःच्याच द्रावणात विरघळते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या सुमारासच चिघळू लागते. म्हणजे दव पडण्याची वाट न पाहताच, जवळजवळ प्रत्येक रात्री, गाडीतील तारांवर, प्लगच्या टोप्यांवर व बॅटरीच्या माथ्यावर खाऱ्या द्रावणाचा एक पातळ थर तयार होतो. हा थर विजेचा चांगला वाहक असतो. सूर्य वर आला, बॉनेट तापले की तो सुकतो आणि दोषाचा मागमूसही राहत नाही. गॅरेजमध्ये अकरा वाजता नेलेली गाडी निर्दोष का दिसते, याचे उत्तर येथे आहे.

दमटपणाचे परिणाम दोन जातींचे आहेत आणि निदानात ते वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. पहिला तात्कालिक परिणाम: निरोधक पृष्ठभागावरून वीज झिरपणे. हा पहाटे उद्भवतो व सुकल्यावर नाहीसा होतो. दुसरा संचित परिणाम: धातूंचे जोड गंजणे. हा महिनोन्महिने वाढत जातो, रात्रंदिवस असतो, परंतु बॅटरी जेव्हा रात्रभर बसलेली व एंजिन गार असते, म्हणजे जेव्हा शक्तीची शिल्लक सर्वांत कमी असते, तेव्हाच प्रथम जाणवतो. म्हणूनच तोही पहाटेचाच दोष भासतो.

३. पहाट की दीर्घ विश्रांती ?

निदानातील पहिला प्रश्न असा की, गाडीस बाधते ते पहाटेचे हवामान की दहा-बारा तास उभे राहणे ? नित्याच्या वापरात या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतात आणि म्हणून त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळतात. त्यांना अलग करण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. एखाद्या कोरड्या दिवशी सकाळी सहा वाजता गाडी तासभर चालवून बंद करावी व दुपारी पाचपर्यंत हात न लावता उभी ठेवावी. विश्रांती दहा तासांची झाली, परंतु हवा कोरडी व उबदार राहिली. आता गाडी तशीच अडखळली, तर दोष विश्रांतीशी संबद्ध आहे: बॅटरीतून प्रवाह गळत असेल किंवा इंधन टाकीकडे परतत असेल. गाडी तत्काळ सुरू झाली, तर संशय दमटपणाकडे वळतो. पुढच्या रात्री तीच गाडी छपराखाली ठेवून, पहाटे तारा व प्लगच्या टोप्या सुक्या फडक्याने पुसून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलणे हा प्रयोगशाळेतील नियम वाडीतल्या गाडीसही तितकाच लागू आहे.

४. आवाजावरून प्राथमिक वर्गीकरण

एंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात: ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, योग्य क्षणी ठिणगी पडली पाहिजे, आणि योग्य प्रमाणात इंधन व हवा मिळाली पाहिजे. (डिझेल एंजिनात ठिणगीची जागा संपीडनाने तापलेली हवा घेते.) किल्ली फिरविताच होणाऱ्या आवाजावरून यांतील कोणता भाग बिघडला, हे पुष्कळ अंशी सांगता येते.

(अ) काहीच आवाज नाही व दिवेही लागत नाहीत: बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल सुटले आहे.
(आ) जलद टकटक आवाज: सोलेनॉइड ओढला जातो, मोटरने प्रवाह घेताच दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो व पुन्हा ओढला जातो. बॅटरी कमजोर आहे किंवा जोडात रोध आहे.
(इ) एकच मोठा ‘टक्’ व नंतर शांतता: सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटर फिरत नाही. सेल्फचे संपर्क वा कार्बन झिजलेले, अथवा जोडात मोठा रोध.
(ई) एंजिन रडत, जड फिरते: (आ) प्रमाणेच कारणे, पण सौम्य.
(उ) एंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही: येथे बॅटरी निर्दोष समजावी व ठिणगी किंवा इंधन यांकडे वळावे.

या पाचव्या लक्षणातही बॅटरी बदलली जाते, ही प्रचलित प्रथेतील सर्वांत खर्चिक चूक होय.

५. बॅटरी व जोड यांची परीक्षा

विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर चार्ल्स केटरिंग याने विकसित केला व १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो प्रथम बसविण्यात आला. त्यापूर्वी हँडल मारावे लागे. पुढेही पुष्कळ वर्षे गाड्यांतून हँडलची सोय राखलेली असे. तिला पर्याय म्हणून जी शिसे-आम्ल बॅटरी वापरात आली, ती गास्तों प्लांते याने १८५९ मध्येच शोधून काढलेली होती. तिचे मूलतत्त्व आजही तेच आहे. सहा घटांच्या भरलेल्या बॅटरीचा विश्रांत दाब सुमारे १२·६ ते १२·७ व्होल्ट असतो. १२·४ व्होल्ट म्हणजे अंदाजे तीन चतुर्थांश, १२·२ म्हणजे निम्मी, आणि १२·० म्हणजे केवळ एक चतुर्थांश शिल्लक. दोन शेवटच्या टोकांमधला फरक अवघ्या अर्ध्या-पाऊण व्होल्टाचा असल्याने ‘बारा व्होल्ट दाखवतोय, बॅटरी ठीक आहे’ हे नेहमीचे विधान फसवे ठरते.

मापन पहाटे, गाडी सुरू करण्यापूर्वी करावे. आधुनिक गाडीचे दार उघडताच अनेक उपकरणे जागी होतात, म्हणून बॉनेट आदल्या रात्रीच सैल करून ठेवणे बरे. नंतर सेल्फ मारीत असताना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच दाब मोजावा. तो ९·६ व्होल्टांखाली गेला, तर बॅटरी दुर्बल आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह घेत आहे. तो ११ व्होल्टांच्या आसपास टिकून राहिला आणि तरीही एंजिन जड फिरले, तर बॅटरी निर्दोष असून प्रवाहाच्या वाटेत कोठेतरी रोध आहे.

या रोधाचे गणित उद्बोधक आहे. गंजलेल्या जोडाचा रोध ०·०१ ओहम, म्हणजे नेहमीच्या मापकास दिसणारही नाही इतका अल्प आहे असे समजू. हेडलाइटच्या दोन दिव्यांना सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो; त्यामुळे जोडावर ०·०९ व्होल्टाची घट होते आणि दिवे लख्ख दिसतात. सेल्फ मात्र १५० अँपिअर ओढतो. त्याच जोडावर आता १·५ व्होल्ट खर्ची पडतात व २२५ वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ‘दिवे उत्तम आहेत, म्हणजे विजेचा दोष नाही’ हे अनुमान यामुळे असमर्थनीय ठरते. जोडाची परीक्षा रोध मोजून न करता, सेल्फ फिरत असताना जोडाच्या दोन बाजूंमधील दाबाची घट मोजून करावी. बॅटरीचा धन खुंट ते सेल्फ आणि ऋण खुंट ते एंजिनचा ठोकळा या दोन्ही वाटांवर ही घट प्रत्येकी अर्ध्या व्होल्टाच्या आत असावी.

किनाऱ्यावर यांतील ‘अर्थ’ची वाट विशेष संशयास्पद असते. एंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी खालच्या बाजूस, चिखल-पाण्याच्या माऱ्यात असते. तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम हे भिन्न धातू खाऱ्या द्रावणात एकत्र आले की त्यांचा एक लहानसा विद्युत् घटच बनतो व त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो. बोल्टखाली पांढरी वा हिरवट भुकटी दिसल्यास पट्टी सोडवून घासावी, तारा आतून काळ्या पडल्या असल्यास बदलावी. तिची किंमत बॅटरीच्या तुलनेने नगण्य असते.

बॅटरी स्वतः कशाने मरते, याविषयीही एक गैरसमज आहे. ती पहाटे दगा देते, पण तिला अपाय झालेला असतो तो उन्हाळ्यात. सामान्यतः तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. त्यात पट्ट्यांची जाळी गंजणे व पाणी उडून जाणे हेही आले. मे महिन्यात क्षीण झालेली बॅटरी डिसेंबरात उघडी पडते एवढेच.

६. रात्रीची गळती

किल्ली काढल्यावरही घड्याळ, धोक्याची घंटा, दूरनियंत्रित कुलूप व संगणक यांना अल्प प्रवाह लागतो. सुस्थितीतील गाडीत तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. एका रात्रीत याने काहीच बिघडत नाही. परंतु चौल, नागाव, रेवदंडा या भागांत मुंबई-पुण्याच्या मंडळींच्या अनेक गाड्या पंधरा-पंधरा दिवस उभ्या असतात. ५० मिलिअँपिअर प्रवाह १५ दिवस वाहिल्यास १८ अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीच्या बॅटरीची धारणा ३५ अँपिअर-तास धरल्यास ती निम्म्याहून अधिक रिकामी झाली. अशा अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होत जातात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

गळती मोजण्यासाठी ऋण तारेच्या वाटेत अँपिअरमापक जोडावा आणि गाडी बंद केल्यावर निदान अर्धा तास थांबावे. सर्व संगणक झोपी जाण्यास तेवढा अवधी लागतो. घाईने घेतलेले मापन नेहमी जास्त येते व निष्कारण घबराट निर्माण करते. प्रवाह अधिक आढळल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने प्रवाह उतरतो त्या शाखेत दोष आहे. मागाहून बसविलेले रेडिओ, दिवे व धोक्याच्या घंटा येथे वारंवार सापडतात. बॅटरीच्या माथ्यावरील खाऱ्या धुळीचा थर हीदेखील गळतीची एक वाट होय. व्होल्टमापकाची ऋण सुई खुंटावर व धन सुई प्लॅस्टिकच्या माथ्यावर फिरवून पाहिल्यास तेथे दाब दिसतो व या वाटेचा प्रत्यक्ष पुरावा मिळतो.

अल्पशा चोरट्या प्रवाहांचे महत्त्व या परिसरास अपरिचित नाही. मुंबईत विजेच्या ट्रॅमगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहांनी कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखूनच १९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. वाट चुकलेला प्रवाह डोळ्यांस दिसत नाही. तो मोजावाच लागतो.

जवळच्या फेऱ्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. एका यशस्वी सेल्फला १५० अँपिअर प्रवाह ३ सेकंद लागला, तर खर्च केवळ ०·१२५ अँपिअर-तास होतो आणि तो काही मिनिटांत भरून निघतो. मात्र पाच-पाच सेकंदांचे दहा प्रयत्न केल्यास २ अँपिअर-तासांहून अधिक खर्च होतो. चौल-रेवदंडा अशा छोट्या फेरीत, दिवे व वातानुकूलन चालू असता, तो भरून निघत नाही. शिसे-आम्ल बॅटरी अखेरच्या टप्प्यात अतिशय सावकाश भरते, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

७. ठिणगीचा दोष

बॅटरी व जोड निर्दोष ठरले, एंजिन झपाट्याने फिरते, तरी पेट घेत नाही, अशा वेळी जुन्या गाडीत पहिला संशय उच्च दाबाच्या वाटेवर घ्यावा. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, जिच्या टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, व उत्तरपाड्याची २०१४ पर्यंत निघालेली ॲम्बॅसडर, या गाड्या कोकणात पुष्कळ वर्षे वापरात होत्या. हौशी मालकांकडे त्या अद्याप आहेत. त्यांच्या वितरकाच्या टोपीत व लांब तारांवर खारा थर साचला की हजारो व्होल्टांची वीज प्लगपर्यंत न पोहोचता पृष्ठभागावरूनच अर्थला जाते. अंधारात बॉनेट उघडून दुसऱ्यास सेल्फ मारावयास सांगितल्यास तारांवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. या वेळी तारांना हात लावू नये. टोपी आतून-बाहेरून सुक्या फडक्याने पुसणे हा तात्कालिक उपाय, आणि तडा गेलेली टोपी व जुन्या तारा बदलणे हा कायमचा. नव्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तारा नसतात. तरी प्लगवरील रबरी टोपी चिरली वा आत पाणी गेले तर दोष तोच.

येथे एक व्याधी दुसरीचे सोंग घेते. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. साध्या कॉइलला १२ ऐवजी ९ व्होल्ट मिळाले, तर प्रवाह तीन चतुर्थांश व ऊर्जा अवघी ५६ टक्के उरते. म्हणजे गंजलेला जोडही ठिणगी दुबळी करू शकतो. प्लग तपासण्यापूर्वी बॅटरी व जोड तपासण्याचा क्रम यास्तव अनुल्लंघनीय आहे. मॅन्युअल गिअरची गाडी धक्का देताच सुरू झाली, तर ठिणगी व इंधन ठीक असून दोष बॅटरी-सेल्फ यांत आहे, असे बहुधा म्हणता येते. ऑटोमॅटिक गाडीस व बॅटरी पूर्ण मृत झालेल्या आधुनिक गाडीस मात्र धक्का निरुपयोगी होय. इंधनाचा पंप व संगणक यांनाही वीज लागतेच.

८. इंधनाचा दोष

कार्ब्युरेटरच्या गाडीत पात्रातील पेट्रोल उडून गेलेले असते व चोक अडकलेला असतो. पंप विजेचा असलेल्या आधुनिक गाडीत, रात्रभरात नळीतील दाब उतरणे हा नेहमीचा दोष. याची चाचणी सोपी आहे. किल्ली ‘ऑन’वर दोन सेकंद ठेवून बंद करावी, असे तीन वेळा करून मग सेल्फ मारावा. प्रत्येक वेळी पंप थोडा चालून दाब वाढवितो. एवढ्याने गाडी चटकन सुरू झाली, तर पंपाजवळील एकमार्गी झडप गळत आहे किंवा एखादा इंजेक्टर पाझरत आहे. इंजेक्टर पाझरत असल्यास पेट्रोलचा वास व ओले काळे प्लग आढळतात. एंजिनच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडून एंजिन गरम असल्याची खोटी वार्ता देत असेल, तर संगणक पहाटेस लागणारे अधिक पेट्रोल सोडीत नाही.

२०२५ पर्यंत देशभर प्रसृत झालेल्या वीस टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. इथेनॉलची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असते व ते पाणी शोषून घेते. रोज वापरातल्या गाडीत यामुळे अडचण येऊ नये. पण अर्धी टाकी पावसाळाभर दमट हवेत पडून राहिली, तर शोषलेले पाणी एका मर्यादेपलीकडे जाऊन इथेनॉलसह तळाशी वेगळे होऊ शकते व पंप नेमके तेच ओढतो. सीएनजीवर चालणाऱ्या अनेक गाड्या सुरू होताना पेट्रोल वापरतात. त्यांच्या टाकीतील पेट्रोल महिनोन्महिने शिळे होत राहते, हे मालकाच्या ध्यानीही नसते.

डिझेल गाडीत प्रथम ‘हीटर प्लग’ दोषी धरले जातात. जुन्या, पूर्वकक्ष असलेल्या एंजिनांत ते योग्यच आहे. परंतु थेट इंधन सोडणारी एंजिने २० अंशांस बहुधा त्यांच्या साहाय्याविनाही पेट घेतात. तेव्हा चौलमध्ये फिल्टरमधील पाणी व नळीत शिरलेली हवा यांची तपासणी आधी करावी.

९. उपाय व दक्षता

टर्मिनल सोडविताना प्रथम ऋण व जोडताना शेवटी ऋण, हा क्रम पाळावा; अन्यथा पाना सांगाड्यास लागून मोठी ठिणगी पडते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून खुंट व पकडी ब्रशने धुवाव्यात, सोडा घटांच्या आत जाऊ देऊ नये, गोड्या पाण्याने विसळून कोरडे करून घट्ट आवळावे व वरून व्हॅसलीनचा लेप द्यावा. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना धनास धन जोडावे, आणि ऋण तारेचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीस न लावता तिच्यापासून दूर एंजिनच्या ठोकळ्यास लावावे. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो व ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो.

पंधरा दिवसांहून अधिक काळ गाडी उभी राहावयाची असल्यास बॅटरी पूर्ण भरून ऋण तार सोडवून ठेवावी. पुळणीवर गाडी नेल्यास त्याच दिवशी खालचा भाग धुवावा. मात्र वाडीतील विहिरीचे पाणी मचूळ असेल तर त्याने धुणे म्हणजे मिठाचा आणखी एक थर देणे होय. प्लॅस्टिकचे आच्छादन दमटपणा कोंडून ठेवते. त्यापेक्षा वारा खेळता असलेले छप्पर चांगले. पोफळींच्या छायेत दव कमी पडते, पण उंदीर तारा कुरतडतात. तेव्हा तेथे ठेवलेल्या गाडीचे बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून पाहावे.

१०. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. चौलच्या पहाटेत थंडी गौण व खारट दमटपणा प्रधान आहे. तो काही दोष तत्काळ उत्पन्न करतो व काही सावकाश साठवितो. पहिले सुकल्यावर जातात, दुसरे घासल्याविना जात नाहीत. निदानाचा क्रम ऐकणे, मोजणे, एकेक घटक बदलून पाहणे व शेवटी भाग बदलणे असा असावा. त्यास लागणारी साधने एक साधा व्होल्टमापक, एक सुके फडके व नोंदीची वही एवढीच आहेत. दोन आठवडे रोज पहाटेचा विश्रांत दाब, सेल्फ मारतानाचा दाब, रात्री दव पडले की नाही आणि गाडी कितव्या प्रयत्नास सुरू झाली, अशा चार नोंदी ठेवल्या, तर बहुतेक प्रसंगी दोषाचे स्थान त्या वहीतूनच निश्चित होते, आणि गाडी मेकॅनिककडे नेताना मालकाच्या हाती तक्रारीबरोबर पुरावाही असतो.